वाजलेली शिट्टी

आमचे हे म्हणजे फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंच. ऐकायला केवढं भारी! प्रत्यक्षात वीज कार्यालयात बसून बिलांच्या तक्रारी ऐकायच्या, सगळ्या रजा सामन्यांवर उधळायच्या आणि दरवर्षी धावण्याची परीक्षा द्यायची. नापास झालं की छातीवरचा बिल्ला गेला. त्या बिल्ल्यापायी हा माणूस लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा धावायला गेला होता. सासूबाई म्हणाल्या, "सवय करून घे गं." घेतली, काय करते!

सुरुवात गिरणीमागच्या मैदानावर झाली. तिथे शिट्टीला जरा उशीर झाला की खेळाडू एकमेकांच्या उरावर बसायचे. म्हणून यांची शिट्टी चटकन वाजायची. पुढे वरिष्ठांनी कान उपटले, "पाडलं तरी जरा थांबा. चेंडू पडलेल्याच्याच संघाकडे गेला, तर खेळ चालू द्या." ती खोड मोडायला यांना वर्षं लागली.

मग तो सामना आला. विश्वचषकासाठी पंच निवडणारे साहेब समोर बसलेले, आणि यांचं वय बघता पुन्हा संधी नाही. सासूबाई आणि मी टीव्हीसमोर जीव मुठीत धरून. सगळं छान चाललं होतं. शेवटी शेवटी एकाने दुसऱ्याला असं आडवं केलं की माझ्याही तोंडून "अगं बाई!" निघालं. यांनी शिट्टी फुंकली. तेवढ्यात चेंडू पडलेल्याच्या जोडीदाराला मिळाला आणि त्याने तो जाळ्यात मारला.

"गोल!" सासूबाई ओरडल्या.

गोल कसला! शिट्टी वाजली की खेळ थांबला, नंतरचं काही धरत नाहीत. खेळाडूंनी यांना घेरलं. हे नुसते मान हलवत उभे. "अरे, देऊन टाक की रे!" सासूबाई टीव्हीला हात जोडत होत्या. ज्यांचा गोल गेला, तो संघ हरला.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मलाही द्यावासा वाटत होता गं." निवडीत यांचं नाव आलं नाही. मी साहेबांवर चिडले, नियमावर चिडले, यांच्यावरही चिडले. उपयोग काय?

विश्वचषक सुरू झाला. हे बघणार नाहीत असं वाटलं होतं, पण ओला टॉवेल खांद्यावर तसाच टाकून येऊन बसले. एक खेळाडू धाडकन पडला. पंचाने शिट्टी ओठांशी नेली.

"थांब," हे पुटपुटले. "थांब रे बाबा, थांब."

तो थांबला. पुढच्याच क्षणी चेंडू जाळ्यात गेला आणि सगळं मैदान नाचायला लागलं.

"बघितलंस?" हे म्हणाले. "थांबला तो."

मी टीव्ही बंद करायला उठले. "राहू दे," म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.