व्यवसाय : गृहिणी

विम्याच्या फॉर्मवर माझ्या बायकोच्या नावापुढे मी 'गृहिणी' लिहायला सांगितलं, तेव्हा ती चौबे कॉलनीत कुणाच्या तरी घरी फेशियल करत होती.

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात मी बारा वर्षं लॅबमध्ये होतो. सॅम्पल तपासायचं, रिपोर्ट लिहायचा. मग कारखान्याचा मालक बदलला आणि नव्या मालकाने लॅब ठेकेदाराला दिली. मी त्याच लॅबमध्ये त्याच टेबलावर परत आलो, पण तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर. कंपनीचा विमा मात्र परत आला नाही.

त्याच वर्षी बायकोने घरोघरी जाऊन पार्लरचं काम करणं सुरू केलं. मोबाईलवर काम यायचं. वॅक्सचा हीटर, टॉवेल, क्रीमचे डबे असं सगळं एका मोठ्या काळ्या बॅगेत भरून ती स्कूटीवर निघायची. वर्षभरात तिची गिऱ्हाइकं इतकी झाली, की आमच्या घरातला पक्का म्हणावा असा पैसा तिचाच होता. माझं कंत्राट संपून नवं येईपर्यंत मधले पंधरा-वीस दिवस घर तिच्यावर चालायचं.

आणि मी ते लपवत होतो. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून रायपूरला आले. आपल्या माणसांनी शिकावं, खुर्चीवर बसावं, दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या पायाशी बसायची पाळी पुन्हा कुणावर येऊ नये, हे त्यांनी आम्हा भावंडांच्या मनात पक्कं ठोकलं होतं. ते कशातून वर आले हे मला ठाऊक आहे, त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण बायको लोकांच्या बायकांचे पाय टबात घेऊन घासते हे आठवलं, की मला वडिलांचा चेहरा दिसायचा. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "घरीच असते."

विम्याचा विषय तिनेच काढला. तिच्या सोबत काम करणाऱ्या एका बाईने नवीन तऱ्हेची पॉलिसी घेतली होती. महिन्याचा हप्ता, पाहिजे तेवढंच घ्यायचं, नको ते काढून टाकायचं. अपघाताने काम बंद पडलं तर दर आठवड्याला काही पैसे मिळतात, हा त्यातला एक भाग.

"मले तोच पाहिजे," ती म्हणाली. "दवाखान्याचं तर घ्याच. पण हात-पाय मोडून घरी बसली तर कोन देईन मले? मले का सुट्टीचा पगार भेटते? तो आठवड्यावाला नक्की घ्या."

"हव, घेतो," मी म्हणालो.

विमा विकणारा आमच्या समाजातलाच. माझ्या वडिलांच्या मित्राचा मुलगा, तात्यापाऱ्यात त्याचं छोटंसं ऑफिस. मी एका रविवारी सकाळी एकटाच गेलो. तो कॉम्प्युटरवर एकेक रकाना विचारत गेला. माझं काम विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नोकरी. पर्मनंट." त्याने लिहिलं. मग म्हणाला, "वहिनी काय करतात, भाऊ?"

"घरीच असते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "म्हणजे गृहिणी लिवू?"

"हव."

ते लिहिताच आठवड्याच्या भरपाईचा रकाना तिच्या नावापुढून गेला. त्याने समजावून सांगितलं, "कमावत्या माणसालेच भेटते ते. वहिनींचं दवाखान्याचं राहीन फक्त. हप्ता जरासा कमी होईन." मी मान हलवली. हप्ता कमी झाला हे कारण मी तिथल्या तिथे स्वतःला देऊन टाकलं आणि सही केली.

घरी आलो तेव्हा ती बॅग आवरत होती. तिने विचारलं, "आठवड्यावाला घेतला ना?"

"घेतला," मी म्हणालो.

सात-आठ महिने गेले. मग एका दुपारी चौबे कॉलनीतल्या वळणावर उभ्या असलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि ती स्कूटीसकट पडली. उजवं मनगट मोडलं. मला फोन आला तेव्हा ती रिक्षात होती. नंतर कळलं, रस्त्यावर बसूनच तिने पहिला फोन गिऱ्हाइकाला केला होता, आज येणं होणार नाही म्हणून. दुसरा मला.

हाडात तार घालावी लागली. दवाखान्याचं बिल विम्याने दिलं. मी तिच्या पलंगाशी उभा राहून म्हणालोही, "पाहिलं? घेऊन ठेवला होता म्हणून." ती थकलेली होती, पण हसली. ते हसू मला आजही आठवतं आणि आठवलं की मी खाली बघतो.

डॉक्टरांनी दोन महिने हाताला काम नाही सांगितलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आठवड्याच्या पैशाचा क्लेम टाकला का?" मी म्हटलं, टाकतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कागद लागतात, डॉक्टरचं लिहून पाहिजे. तिने दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन जाऊन डॉक्टरचं लिहून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी ते घडी करून खिशात ठेवलं.

शेवटी तिने स्वतःच विम्याच्या कार्डावरच्या नंबरला फोन लावला. आमची मुलगी अकरावीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच देते. तिने फोन धरला होता, आवाज मोठा केलेला. मी दाराशी चपला काढत होतो.

"मॅडम, यह लाभ आपके लिए नहीं है," पलीकडची बाई सांगत होती. "आप हाउसवाइफ हैं ना? हाउसवाइफ की इनकम का नुकसान नहीं माना जाता."

"नहीं नहीं, मैं काम करती हूँ," ती म्हणाली. "पार्लर का. घर-घर जाती हूँ. काम पर जाते हुए ही गिरी."

"हमारे पास तो हाउसवाइफ ही लिखा है, मॅडम."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "पापा, फॉर्म तो आपने भरा था ना?"

बायकोने डाव्या हाताने तिच्या हातातला फोन घेतला आणि बंद केला. मुलीला म्हणाली, "जा, अभ्यास कर." ती आत गेली. मी एक पाय चपलेत असाच उभा.

"काहून लिवलं तसं?"

"हप्ता कमी येत होता," मी म्हणालो.

"किती कमी?"

मी आकडा सांगितला. एका बाईच्या भुवया कोरायचे ती जेवढे घेते, जवळपास तेवढाच.

तिने मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पैशासाठी नाही लिवलं तुम्ही." एवढंच. ती ओरडली असती तर मला काहीतरी उलटून बोलता आलं असतं. तिने गळ्यातल्या झोळीत हात नीट केला आणि आत जाऊन मुलीजवळ बसली.

दुसऱ्या दिवशी मी तात्यापाऱ्यात गेलो. विमेवाल्यासमोर बसून सगळं सांगितलं. बायको काम करते, मी लपवलं, आता काही होतं का बघ. तो टेबलावरचा पेन इकडून तिकडे करत होता.

"भाऊ, राग नका मानू," तो म्हणाला. "मले माहीत होतं. वहिनी तर आमच्या घरी येतात. माही आई दर महिन्याले बोलावते त्यायले."

"तुमच्या घरी?"

"आमच्याच काय, तुमच्या मोठ्या वहिनीकडे बी जातात. आईनंच सांगतलं तिकडे आपल्या वहिनींबद्दल. तुम्ही घरीच असते म्हणाले तेव्हा मले वाटलं, तुम्हाले बोलायचं नसन. मी बी तसंच लिवलं. माही बी चूक झाली."

माझ्या सख्ख्या भावाच्या घरी ती वर्षभर जात होती. मी ज्यांच्यापासून लपवत होतो ते सगळे तिच्याकडून भुवया कोरून घेत होते. माझ्यापुढे त्यांनी विषय काढला नाही, कारण मला लाज वाटते हे त्यांना दिसत होतं. आणि तिनेही घरी येऊन कधी सांगितलं नाही. मला वाचवायला ते सगळे गप्प बसले होते. त्या खुर्चीवरून उठावं की नाही हे मला कळेना.

झालेल्या अपघाताचं काही होणार नव्हतं. पुढच्यासाठी दुरुस्ती करता येईल, तो म्हणाला.

ते दोन महिने तिने कसे काढले, ते मी बघितलं. आपली गिऱ्हाइकं तिने पॉलिसीचं सांगणाऱ्या त्या सोबतिणीकडे दिली आणि ती अर्धे पैसे आणून देत राहिली. माझं कंत्राट नेमकं संपलं होतं. मी स्वयंपाक केला, भांडी घासली. तिची वेणी घालायचो, पहिल्यांदा इतकी सैल झाली, की मुलगी म्हणाली, "पापा, ये क्या है?" बायको हसली नाही. ती रोज पाठ करून बसायची आणि मी विंचरायचो.  मी माफी मागितली होती, नीट शब्दांत, वडिलांचं कारण न देता. ती म्हणाली होती, "ऐकलं मी." त्याच्या पुढे गेली नाही.

पॉलिसी दुरुस्त करायला आम्ही दोघं गेलो. यावेळी ती खुर्चीवर समोर बसली. त्याने तिचं काम विचारलं. तिने सांगितलं, किती घरं, दिवसाला किती तास, महिन्याची कमाई. हिशोब तिच्या मोबाईलमध्ये होता. आठवड्याचा भाग तिने मोठा घेतला आणि आम्हाला लागत नव्हते ते दोन भाग काढायला लावले. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमचं तेच ठेवू?"

 ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "कंत्राटावर आहो. तीन महिन्याचं. सध्या तेही नाही."

त्याने लिहिलं.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या कामाला जाताना बॅग उचलवेना, म्हणून मी सोबत गेलो. एका म्हाताऱ्या बाईंचं घर होतं. फाटक उघडून त्यांनी आधी तिचं मनगट हातात घेऊन बघितलं, मग बॅग धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"ये कौन हैं?"

"मेरे हसबैंड हैं, दीदी."

"अच्छा," त्या म्हणाल्या, "बहुत सुना है आपके बारे में."

काय ऐकलं असेल, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी मला पाणी दिलं. त्या दोघी आत गेल्या आणि मी व्हरांड्यातल्या खुर्चीच्या टोकावर बसून राहिलो, काम होईपर्यंत.