फरशीवरचा पांढरा थर

शेजारी कुणी अ‍ॅसिडने फरशी धुतली की मला आमचं बाथरूम आठवतं. बोअरच्या खारट पाण्याने चढलेला पांढरा थर काढायला मी अ‍ॅसिड ओतलं आणि पुरेना म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, दार तरी उघडा की." मी ऐटीत म्हणालो, "वास बाहेर गेला तर जोर कसा राहील?" पाचच मिनिटांत हे शास्त्रज्ञ खोकत खाली बसले. तिने दार ढकलून मला ओढून काढलं आणि खिडकी उघडायला एकटीच पुन्हा आत गेली. मी दोन दिवसांत बरा झालो. तिला मात्र तेव्हापासून कसलाच वास येत नाही. आता चटणीसाठी शेंगा भाजताना ती हाक मारते, "बघा की, करपल्या का? घरात नाक तुमचंच राहिलंय."