मिश्रीचं कुणी विचारलंच नाही

“जरा लांब बस. रोज किती पितेस?”

डॉक्टरनं नाकाला रुमाल लावून विचारलं. दार सताड उघडं. बाहेर बाकड्यावर आमच्याच डोंगरावरच्या वस्तीतल्या बाया नंबर लावून बसलेल्या. मुलुंडचा हा सरकारी दवाखाना. मी गेले होते गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यासाठी. तिखटाचा घास घेतला की जीव जायचा नुसता.

“मी पीत नाही.”

“नवरा?”

“तोही नाही.”

तो हसला. माझ्या पोराच्या वयाचा मेला. “वरच्या वस्तीतली ना तू? मग खोटं कशाला बोलतेस? तुमच्या लोकांत कोण पीत नाही?”

नर्स हसली. बाहेर बाकड्यावरही कुणीतरी फिसकन हसलं. आमच्यातलंच. ते जास्त झोंबलं मला.

दर रविवारी मी विहारात पंचशील म्हणते. नशापाण्यापासून लांब राहीन, हे पाचवं शील मला झोपेतून उठवलं तरी पाठ आहे. आणि हा टिकोजीराव मला बेवडी ठरवतो! पण तेव्हा मान खाली घालून बसले. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच संताप आला.

तोंड उघड, एवढंही तो म्हणाला नाही. ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. “दारू बंद कर, चट्टा जाईल.”

माझ्यामागून टॉवरमधला एक माणूस आत आला. कुत्रं चावलं म्हणून इंजेक्शनला. भर सकाळी दारूचा भपकारा येत होता त्याच्या अंगाला. “या सर, बसा ना.” रुमाल खिशात गेला. त्याला नाही विचारलं, रोज किती पितोस.

घरी आले आणि डोकं शांत करायला मिश्री लावली. तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू, कुटून दातांना घासायची. आई लावायची, सासू लावायची. त्याशिवाय सकाळी परसाकडला होत नाही, डोकं ठणकतं. पण ही नशा आहे असं कधी मनातसुद्धा आलं नाही. दात घासायला कसली आलीय नशा? डॉक्टरनं विचारलं असतं तर पटकन सांगितलं असतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?

घाटकोपरला माझी जाऊ राहते. तिलाही असाच चट्टा होता. त्याची गाठ झाली. मोठ्या हॉस्पिटलात तिला पहिलाच प्रश्न विचारला, “मिश्री लावता?” तोवर उशीर झाला होता. अर्धा जबडा काढला तिचा. नळीतनं पेज घेते आता. आठवड्यानं तिला भेटायला गेले तर तिनं बोट माझ्या गालावर ठेवलं आणि मान हलवून विचारलं, तुझं काय? बोलता येत नाही ना तिला. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले, आणि रडता रडताच त्या डॉक्टरची आठवण होऊन पेटले.

दुसऱ्या दिवशी परत त्याच्यासमोर.

“आलीस? सोडली का दारू?”

“आधी ‘तुम्ही’ म्हणा. मी दारू पीत नाही. मी मिश्री लावते. ते विचारायचं होतं तुम्ही. तुम्ही माझी वस्ती विचारलीत.”

“आवाज खाली. बाहेर पेशंट आहेत.”

“त्या दिवशीपण होते.”

खुर्ची सोडली नाही. त्याच्या तोंडासमोर तोंड उघडलं. “बघा.”

त्यानं बॅटरी मारली. चेहरा उतरला त्याचा. गपचूप मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. सॉरी म्हणाला नाही. मला त्याचं सॉरी नकोच होतं.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला गेलाय. रिपोर्ट यायचाय. मिश्री बंद केलीय, पण सकाळी डोकं असं भणभणतं की भिंतीवर आपटावंसं वाटतं. सोडायची कशी, हे सांगायलाही त्या दवाखान्यात कुणी नाही.

आता आमच्या गल्लीतली कुठलीही बाई तिथं निघाली की मी सोबत जाते. वाटेतच सांगते, बये, काय लावतेस, काय खातेस ते न लाजता सांग, आणि त्यानं तोंडात बघितल्याशिवाय उठू नकोस. तो मला बघून कपाळाला आठ्या घालतो. घालू दे. रिपोर्ट काय यायचा तो येवो. माझा जबडा जागेवर आहे तोवर मी त्याच्यासमोर बोलणार. आणि जबडा गेलाच, तर नुसती जाऊन बसणार. बघू दे त्याला रोज.