येळवसेच्या दिवशी धूर पकडायला

नांदेडच्या बसस्थानकावर कंडक्टरने आमच्या पाण्याच्या जारचंही तिकीट मागितलं. लातूर जिल्ह्यात दुष्काळ आणि माझा मेहुणा सुहास पुण्याचा इंजिनिअर, पोटाने नाजूक. म्हणून बायकोने दोन जार आणि मी, असे तिघे त्याच्यासोबत धाडले होते. शिरूर अनंतपाळजवळ लोखंडाच्या कारखान्यात त्याने चिमणीतला कार्बन पकडणारं यंत्र बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रदूषण मंडळाच्या साहेबांची तपासणी होती. यंत्र नापास झालं तर भट्टीला टाळं, आणि आसपासच्या गावांच्या चुली त्या भट्टीवर. उदगीरचा नवा जिल्हा व्हावा की नाही यावरून बसमध्ये जुंपली होती. सुहास मात्र नखं खात बसला होता.

सकाळी कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. भट्टी गार. पुण्याच्या कॅलेंडरवरची साधी अमावास्या इकडे येळवस (वेळ अमावास्या) होती, आणि येळवसेला अख्खा जिल्हा शेतात जेवतो. तारीख ठरवताना कारखान्यातले सगळे ‘हाव’ (हो) म्हणाले होते. साहेब येणार म्हणजे जेवायलाच येणार, असं त्यांनी धरलं होतं.

भट्टीचे मिस्त्री माधवराव त्यांच्या शेतात सापडले. ज्वारी वीतभर, तीही वाळलेली. तरी कडब्याची खोप (झोपडी) उभी होती आणि घरची माणसं पिकावर अंबील (ताकातली ज्वारीची कांजी) शिंपडत होती. सुहासचा तोल गेला. पीकच नाही तर पूजा कशाची करता, असं तो बोलून गेला.

“पीक न्हाई म्हनून येळवस चुकवायची का?” माधवराव म्हणाले. “मानसं हायत की. बसा. भट्टी उद्या पेटवतो.”

आम्हाला बसावंच लागलं. भज्जी (बेसन लावलेली मिश्र पालेभाजी) आणि बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) यांपुढे सुहासचं नाजूक पोट कुठल्या कुठे पळालं. मी तर लाज सोडून जेवलो.

साहेबांची जीप दुपार कलल्यावर कारखान्यात आली. वाटेत प्रत्येक शेताने त्यांना जेवायला उतरवून घेतलं होतं, डोळे मिटत होते. त्यांनी चिमणीकडे पाहिलं, मीटर पाहिला. दोन्हीकडे शून्य. साहेब खूश झाले. भट्टीच बंद असल्याचं सुहासने तीनदा सांगितलं. भट्टी आपल्या कक्षेत येत नाही, आपण फक्त धूर बघतो, असं म्हणून त्यांनी यंत्राला पैकीच्या पैकी गुण दिले.

“हीच स्थिती कायम ठेवा,” ते जाताना म्हणाले. “शून्याच्या वर काटा गेला तर सील.”

दुसऱ्या दिवशी कामगारांची सगळी पाळी हजर झाली. लोकांनी यंत्राला हार घातला, सुहासला फेटा बांधला. मग माधवरावांनी भट्टी पेटवायची परवानगी मागितली. यंत्र कितीही चांगलं असलं तरी थोडा धूर निसटणारच, हे सुहासला ठाऊक होतं. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. कारखान्याच्या मालकांनी मिस्त्रींना थांबायला सांगितलं, वरून खुलासा येईपर्यंत.

नांदेडला पोचलो तेव्हा सुहासच्या डोक्यावर फेटा तसाच होता. परक्या मुलखात पाणी नेऊन भागत नाही, तिथली अमावास्याही विचारून घ्यावी लागते, एवढं शहाणपण मी या प्रवासात कमावलं. दारातच बायकोने भावाला विचारलं, “पास झालं का रे यंत्र?”

“झालं, ताई. पहिल्या नंबराने.”

“मग भट्टी सुरू झाली असंल की.”

सुहास फेटा सोडायला लागला. त्याला तो सुटेना.