धुरपताबाईची साक्ष

धुरपताबाईचा नवरा केवळराम तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गालाच्या कॅन्सरनं गेला, आणि धुरपताबाई येशूच्या प्रार्थनेला जायला लागली ती त्यानंतर. हे गावाला कधी उलगडलंच नाही. नवरा बरा झाला असता आणि मग गेली असती, तर गावानं समजून घेतलं असतं. कामाचा देव कुणाला नको असतो? पण माणूस मेला, शेती अर्धी झाली, आणि ही बाई मात्र दर रविवारी एसटीनं गोंदियाकडच्या गोरेगावला जाते, म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

झालं होतं ते एवढंच. गोंदियाच्या दवाखान्यात केवळरामच्या गालाला भोक पडलं, त्याला वास मारायला लागला, तेव्हा त्याचे सख्खे भाऊ वॉर्डाच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून परत गेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला गोरेगावची अनुसयाबाई यायची. ती एक दिवस न विचारता केवळरामच्या उशाशी बसली, हातानं त्याचा पू पुसला आणि प्रार्थना केली. मग तो जगला तेवढे दिवस ती येत राहिली. तो वाचला नाही.

"तुह्या येशूनं वाचवलं तं नाइ, मंग कायले जातं?" बाया विचारत.

"तो मेला तवा मी एकटी नोहती," धुरपताबाई म्हणायची. यापलीकडे तिला आपल्या धर्माबद्दल काही सांगता येत नसे. मला विचाराल तर, पुष्कळ शिकलेल्यांनाही येत नाही.

सौंदड आणि गोरेगावच्या मधलं हे गाव. गावाला तलाव जुना, धुरपताबाईच्या सासरच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि त्या तलावाचा एक कायदा होता. आश्विनात पाऊस निघून जातो, धान पोटात कणीस धरून उभं असतं, तेव्हा तलावाचं पाणी सोडतात. सोडण्याआधी बांधावरच्या देवाला बोकड कापायचा. पळसाच्या पानांत प्रत्येक घराचा वाटा बांधायचा. वाटा घरी न्यायचा, शिजवायचा, आणि पहिला घास त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या तोंडात जायला हवा. तो गेला, की त्या घराच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी. नाही गेला, तर नाही. आता पाणी वाटपाची कमिटी झाली होती, भुपेंद्र तिचा अध्यक्ष होता, त्याच्याकडे मोबाईल होता, चारचाकी होती. पण घासाचा कायदा त्यानंही जपून ठेवला होता. अशा गोष्टी अध्यक्षांच्या फार उपयोगाच्या असतात.

प्रार्थनेला जायला लागल्यावर पहिल्याच वर्षी धुरपताबाई म्हणाली, "भुपेंद्र, बोकड्याची वर्गणी देतो आमी. पन वाटा नाइ खात. देवाले वाहिलेलं मले चालत नाइ."

"चालत नाइ तं राहू दे, काकी," भुपेंद्र गोड हसला. "कोनाची जबरदस्ती थोडीच आहे!"

भुपेंद्रच्या बांध्या वरच्या अंगाला, धुरपताबाईच्या खाली. पाणी वरून खाली, एका बांधीतून दुसरीत उतरत येतं. त्यानं आपल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधीच्या काठाचं, पाणी उतरायचं तोंड चिखलानं बुजवलं. धान पिवळं पडायला लागलं. मुलगा वीरेंद्र घरात कुणाशी बोलेना, सून चेतना भांडी आपटायला लागली. धुरपताबाई पहाटे उठून बांधीत जायची, भेगांकडे बघायची आणि प्रार्थना करायची. जीव टांगणीला लागला होता. त्या वेळी तिनं आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काहीतरी मागितलं. पाणी मागितलं.

आणि एका सकाळी पाणी आलं.

गोरेगावच्या प्रार्थनाघरात त्या रविवारी धुरपताबाई उभी राहिली. देवानं आपल्यासाठी केलेलं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, त्याला तिथे साक्ष म्हणत; ती कधी साक्ष द्यायला उठत नसे. तिचं तोंड उजळलं होतं.

"जो भुपेंद्र माह्या दारासमोरून थुकून जाये, तो परवा सांजी घरी आला," ती म्हणाली. "मी जेवत होती. खाटेवर बसला. काकी, जेवन झालं का, म्हने. मी जेवेपर्यंत बसून राहिला. अना सकारी पाहतो तं बांधीत पानी! देवानं त्याचं मन फिरवलं. मी काइ नाइ केलं. देवानं केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाई रडली. पास्टरांनी हात वर करून हालेलुया म्हटलं, आणि पुढे ती साक्ष ते गावोगावच्या सभांमधून सांगू लागले. अनुसयाबाईची सून, जी कधी प्रार्थनेला फिरकत नव्हती, ती त्या साक्षीनंतर यायला लागली. धान असं पिकलं, की पेंढ्या बांधताना वीरेंद्रही हसला.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली. दुकानं, पाळणे, दंडारीच्या नाचगाण्याचा तंबू, सगळ्या पंचक्रोशीची माणसं. धुरपताबाई नातीसाठी बांगड्या घेत होती. भुपेंद्र आपल्या सोबत्यांबरोबर पानठेल्यापाशी उभा होता.

"काकी," त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोकड्या कसा लागला?"

तिला कळलं नाही.

"सौंदडच्या बाजारचं मटन म्हनून खाल्लं ना तू? आमच्या देवाचा वाटा होता तो. वीरेंद्रनंच नवा बोकड्या देल्ला, देवाले कापला, अना वाटा घेऊन गेला पळसाच्या पानात. म्या म्हटलं, बुढीच्या तोंडात गेला पाहिजे, मी डोळ्यानं पाहीन. म्हनून तं बसलो होतो खाटेवर." तो सोबत्यांकडे वळला. "अना खायच्या आधी काय केलं बुढीनं, माहीत आहे का? डोळे मिटून येशूचे आभार मानले!"

हसण्याचा असा लोट उठला, की पाळण्यातली पोरंही खाली बघायला लागली. बांगडीवाला हसला. चेतना दोन पावलांवर उभी होती. तिनं मान खाली घातली, तेव्हा धुरपताबाईला आणखी कुणाला विचारायची गरज उरली नाही. मरणाऱ्या नवऱ्याचा पू पुसला जाताना तिनं पाहिला होता, तेव्हाही तिला असं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं. तिनं नातीच्या हातात बांगड्या भरल्या, पैसे दिले आणि घरी आली.

वीरेंद्रला तिनं एकच विचारलं, "काऊन केलं, बापा?"

"धान मरून राहिलं होतं, माय! तू देवाले पाहत होती, मी लेकराले पाहत होतो. कोनतं पाप केलं म्या?" तो ओरडला, आणि मग रडला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जे म्हणतील, त्यांनी आपल्या पोराच्या ताटाकडे बघून म्हणावं.

धुरपताबाई पास्टरांकडे गेली. पास्टर समजूतदार माणूस होता. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नकळत खाल्लंत. त्यात पाप नाही. मनातून काढून टाका."

"खाल्लं त्याचं नाइ म्हनत मी. साक्ष खोटी देल्ली ना."

"तुम्ही कुठे मुद्दाम दिलीत? आणि पाणी शेवटी देवाचंच. तो कुणाच्याही हातून देतो."

"देत असंल. पन म्या सांगतलं तसं नाइ देल्लं. मी लोकायले जे सांगतलं ते झालंच नाइ."

पास्टर हळूच म्हणाले, "त्या साक्षीनं किती जण विश्वासात उभे राहिलेत, याचा विचार करा. आता उठून तसं सांगू नका."

तिनं विचार केला. खूप केला. आणि पुढच्या रविवारी उठून सांगितलं. बोकड, वाटा, पळसाचं पान, खाटेवरचा भुपेंद्र, मिटलेले डोळे, सगळं सांगितलं. मुलाचं नाव तेवढं घेतलं नाही. "माही साक्ष खोटी होती. ती परत घेतो," असं म्हणून ती बसली. कुणी आमेन म्हटलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. अनुसयाबाईच्या सुनेनं पर्स उचलली आणि मधूनच निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

ज्या अनुसयाबाईनं एके काळी तिच्या नवऱ्याचा पू पुसला होता, ती बाहेर चपला घालताना म्हणाली, "तुमच्या खरेपणापायी माझं घर पुन्हा अंधारात गेलं, बाई." त्यानंतर ती धुरपताबाईच्या शेजारी बसेनाशी झाली. म्हणजे गावानं टाकलं होतं, आता देवाच्या घरातही सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहू लागल्या. तरी रविवार आला की ती एसटीच्या थांब्यावर उभी असे.

पुन्हा आश्विन आला. पाऊस लवकर उघडला. भुपेंद्रनं या वेळी कमिटीची बैठक तलावाच्या बांधावर, देवासमोरच बोलावली. "बुढीनं सगळ्यासमोर खाल्लं पाहिजे," तो म्हणाला. "मागच्या साली चोरून खाल्लं, देव कोपते."

"मी नाइ खात," धुरपताबाई म्हणाली.

वीरेंद्र तिच्या पायाशी बसला. "माय, एक घास. मंग जा गोरेगावले, पाहिजे तितकी जा. मी कधी अडवलं का तुले?"

"नाइ अडवलं, बापा."

"मंग?"

चार माणसांनी तेव्हा तोडगा काढला. अशा वेळी चार माणसांना तोडगा हमखास सुचतो. वीरेंद्रनं चूल वेगळी करावी. वेगळ्या चुलीचा मोठा माणूस तोच, घास त्यानं खावा, त्याच्या बांध्यांना पाणी मिळेल. बुढीच्या वाट्याला खालची बांधी द्यावी, आणि तिच्याकडे जाणारं धुऱ्याचं तोंड वीरेंद्रनं स्वतःच्या हातानं बुजवावं. पाझरलेलं दिसलं, तर त्याचंही पाणी बंद.

वीरेंद्रनं घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी भुपेंद्र धुऱ्यावर उभा राहिला आणि वीरेंद्रनं फावडं घेतलं. वरच्या बांधीत पाणी चकाकत चढत होतं. खालच्या बांधीत आई उभी होती, भेगाळलेल्या मातीत, धान गुडघ्याच्या वर. वीरेंद्रचं फावडं उचलेना.

"माय, आताही हो म्हन."

मागच्या वर्षी तिनं पाणी मागितलं होतं. या वर्षी तिला काही मागायचं सुचलंच नाही. मुलाचा चेहरा तेवढा तिला दिसत होता.

"बुज," ती म्हणाली. "बुज, बापा. पोरीच्या तोंडचं नको जाऊ देऊ."

तिनं स्वतः वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं आणि त्याच्या फावड्याजवळ ठेवलं. मग वीरेंद्रनं तोंड बुजवलं. भुपेंद्रनं चपलेनं दाबून ते पक्कं झालं की नाही, बघून घेतलं.

एका धुऱ्याच्या अलीकडे धान दाण्यानं वाकलं, पलीकडे धान ताठ उभं राहिलं. दाणा भरला असता तर तेही वाकलं असतं. धुरपताबाईनं ते एकटीनं कापलं. मळायची गरज नव्हती, नुसतं फुंकलं तरी उडत होतं. गाईंनीही ते तणीस मन लावून खाल्लं नाही.

गोरेगावच्या प्रार्थनाघरात पिकाच्या उपकारस्तुतीचा रविवार होता. समोर टेबलाजवळ भरलेल्या धानाच्या पेंढ्या, भोपळे, तुरीच्या शेंगा, केळीचा एक घड. धुरपताबाईनं आपली पेंढी त्यांत ठेवली. बाकीच्यांच्या लोंब्या खाली लटकत होत्या, तिच्या तेवढ्या वर. अनुसयाबाईनं पाहिलं, उठली, ती पेंढी उचलली आणि दारामागे झाडूपाशी ठेवून दिली. "फोटो काढायचे आहेत," ती म्हणाली. "देवापुढे असलं पोचट ठेवतात का?"

धुरपताबाई उठली. दारामागून पेंढी आणली आणि होती तिथेच पुन्हा ठेवली. मग ती तिथेच उभी राहिली, तेव्हा पास्टरांना विचारणं भाग पडलं.

"सिस्टर, साक्ष द्यायची आहे?"

"हो," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. आवाज मोठा नव्हता, पण कापतही नव्हता.

"यंदा पानी नाइ आलं," ती म्हणाली. "मी आली."