दुसऱ्या अल्बमबद्दल ताईचं मत

धाकट्या बहिणीचा दुसरा अल्बम आला आणि ताईच्या पार्लरची तक्रारखिडकी झाली. बायका खुर्चीत टेकायच्या आधीच मत द्यायच्या. "टोकं तेवढी सारखी करा, उंची कमी करू नका, आणि ताई, राग मानू नका, पण पहिल्याची सर नाही हो याला." केसांच्या सूचना आणि गाण्यांच्या सूचना एकाच दमात. जणू काही चाली लावायचं कामही ताईच करत होती, दुपारी जेवण झाल्यावर फावल्या वेळात.

वास्तविक ताईचा आणि गाण्याचा संबंध एवढाच, की गाणारी तिच्या पाठची. तिला स्वतःला सूर कशाशी खातात ते माहीत नाही. तिचा नवरा तसा सज्जन माणूस, वायरिंगची कामं करतो, कुणाला दुखवत नाही. पण ताई गुणगुणायला लागली की तोसुद्धा उठून पंखा मोठा करतो. हे लोकांना कोण सांगणार? गायिका पडली लांब, मोठ्या शहरात, तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. ताई मात्र हाताशी. सोमवार सोडून रोज पार्लर उघडं, आणि हातात सतत कुणाचं तरी डोकं, त्यामुळे तिला पळूनही जाता येत नाही.

बरं, मतं तरी एकसारखी असावीत? त्याचं नाव नको. औषधांच्या दुकानवालीला वाटायचं, नुसता धांगडधिंगा आहे, शब्द कानावरच येत नाहीत. तिच्याच मुलीला वाटायचं, धांगडधिंगा कमी पडला, नाचायला उठावं तोवर गाणं संपतं. एक म्हणायची आवाज बसलाय, दुसरी म्हणायची उगाच चढवलाय. एकजण तर चक्क म्हणाली, "प्रवासात लावायला ठीक आहे, पण रडायला येत नाही हो." म्हणजे हिला रडायला येत नाही हाही ताईचाच गुन्हा. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई थेट गुणच द्यायच्या. पहिल्याला दहापैकी नऊ, याला साडेचार, आणि त्यातला अर्धा तुमच्याकडे बघून.

ताई सगळ्यांना म्हणायची, "हं."

या 'हं'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. ताईला जिनं हे काम शिकवलं ती बाई फार कडक. तिचा नियम होता, डोकं हातात असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. यात सभ्यता वगैरे काही नाही, शुद्ध कामाची गोष्ट. वाद घातला की माणूस मान वळवून बोलतो, मान वळली की कात्री चुकते, आणि कात्री चुकली की केस एका बाजूला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूला कानाच्या खाली. मग बसा निस्तरत. तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तरी आपण म्हणायचं 'हं'. हो नाही आणि नाहीही नाही. मान सरळ राहते. ताईचा 'हं' इतका मुरलेला होता की सासू आणि सून भांडून वेगवेगळ्या वेळी आल्या, तरी दोघींना ताई आपल्याच बाजूची वाटायची.

दुसऱ्या अल्बमबद्दल ऐकून घेणं एक वेळ सोपं होतं. ताईची खरी जळजळ होती ती पहिल्याची, आणि ती तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. पहिला अल्बम सगळा आईच्या आजारपणावर होता. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं आईच्या केसांचं. अंथरुणाला खिळलेली आई, उशाशी पाण्याचा टब, आणि मुलगी तिचे केस धुतेय, गुंता न ओढता, पाणी डोळ्यांत जाऊ न देता. ते ऐकून भलेभले रडले. ताईही रडली, पण वेगळ्या कारणानं. ते केस ताईनं धुतले होते. पार्लर बंद करून घरी जायची, आईच्या पाठीखाली उशा द्यायची, मानेखाली रबरी कापड घालायची आणि एका हातानं मान तोलून दुसऱ्या हातानं पाणी घालायची. धाकटी त्या दिवसांत सुट्टीला येऊन जायची, आणि आली तरी आईच्या खोलीच्या दारातून आत यायची नाही. गाण्यात मात्र 'मी' होतं. उशी मी दिली, पाणी मी घातलं, सगळीकडे मी.

आता बघा काय व्हायचं ते. औषधांच्या दुकानवाली बेसिनमध्ये मान टाकून, डोळे मिटून पडलेली. ताईची बोटं तिच्या केसांत. आणि ती म्हणते, "काय हात असतील हो तुमच्या बहिणीचे. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. तुम्ही नव्हता का तेव्हा इथे?"

ताई म्हणाली, "हं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या दिवशी पाणी जरा जास्त गरम झालं होतं हे खरं आहे. बाई "भाजतंय हो" म्हणाली, तेव्हा ताईनं नळ फिरवला.

पहिला अल्बम आल्यावर धाकटीनं फोन करून विचारलं होतं, "कसा वाटला?" ताई म्हणाली, "छान आहे." तेवढंच. त्यानंतरही दोघी बोलायच्या, पण ते हवापाण्याचं, जेवलीस का आणि झोपलीस का. धाकटीनं पुन्हा विचारलं नाही आणि ताईनं आपण होऊन काही सांगितलं नाही. दोघी एकाच आईच्या, हट्टाला कमी नव्हत्या.

आणि मग गणिताच्या बाईंनी कळस केला. बाईंच्या डोक्याला रंग लावणं चाललं होतं. अर्धं डोकं झालेलं, अर्धं राहिलेलं. बाई म्हणाल्या, "खरं सांगा ताई, तुम्हालाही नाहीच ना आवडला हा दुसरा?" ताईच्या एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात बाईंच्या केसांची बट, आणि रंग वाळायला लागलेला. ती म्हणाली, "हं." बाई घरी गेल्या आणि गाण्यांखाली लोक मतं लिहितात तिथं त्यांनी लिहून टाकलं, की गायिकेची सख्खी बहीण माझ्या ओळखीची आहे, तिलाही हा अल्बम आवडलेला नाही, मी स्वतः विचारून घेतलंय. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. उत्तर लिहिलं की खाली पुरावा द्यायची त्यांना सवय. पण लोकांना तेवढंच हवं होतं. बघता बघता ते सगळीकडे पसरलं, आणि कुणीतरी त्याची बातमीही केली, की घरच्यांनीच फिरवली पाठ. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

नवऱ्यानं ते मोबाइलवर वाचून दाखवलं, तर ताईनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"मी एका शब्दानं खोटं बोललेली नाही," ती म्हणाली.

"एक शब्द बोललेली नाहीस, तेच तर झालंय," नवरा म्हणाला, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. असल्या वेळी या माणसाला बरोबर बोलता येतं, आणि ताईला त्याचाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा मेसेज आला, "सोमवारी येतेय. पार्लर बंद असेल ना." बस्स, एवढाच. एरवी ती लिहायची नाही, मेसेज बोलून पाठवायची आणि ते संपता संपायचं नाही, वाटेत कुत्रं दिसलं तरी त्याची कहाणी सांगायची. ताईनं ती ओळ परत परत वाचली. आई गेल्यावर धाकटीला माहेर म्हणावं असं ताईचंच घर उरलं होतं, आणि ताईलाही पाठचं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. ही सोमवारी येऊन संबंध तोडून जाणार, असं ताईनं मनाशी धरलं, आणि तिला त्या सगळ्या बायकांचा असा काही संताप आला की रविवारी एकीचे केस सांगितल्यापेक्षा आखूडच झाले.

सोमवारी धाकटी आली ती टोपी आणि मोठा काळा चष्मा घालून. शटर अर्धं वर होतं, त्याखालून वाकून आत आली. ताई कंगवे घासत बसली होती, ते स्वच्छच होते. धाकटी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आरशातून ताईकडे बघत म्हणाली, "आवडला नाही तर मला सांगायचं होतंस. तुझ्या बाईंकडून कळायला नको होतं."

"मी त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं हं म्हटलं. त्यांचं डोकं हातात होतं."

"मला माहीत आहे तुझं हं. मग माझ्याशी फोनवर बोलताना कुणाचं डोकं असतं हातात?"

ताई कंगवा घासत राहिली.

"पहिल्याला छान म्हणालीस," धाकटी म्हणाली. "तुझं ते 'छान' ऐकल्यावर मी आईवर लिहायचं थांबवलं. दुसऱ्यात मुद्दाम आई घेतलीच नाही, म्हटलं, आता तरी ताई मोकळं बोलेल. तर आता लोक म्हणतात आईला परत आणा. कंपनी म्हणते तिसरा पहिल्यासारखाच पाहिजे, नाहीतर राहू दे. आणि तुला हाही आवडला नाही. मग मी करू तरी काय? आईची गाणी परत करू, की गाणंच सोडू? तू सांगशील तसं करते. पण आज काहीतरी बोल बाई."

ताईनं कंगवा बेसिनमध्ये टाकला.

"ऐकायचंय ना? ऐक मग. दुसऱ्यात खोटं काही नाही, पण त्यात काहीच नाही. समुद्र, गाडी, उन्हाळा, परत समुद्र. कुणीही गावं आणि कुणीही विसरावं. आणि पहिल्यात सगळं आहे, पण ते माझं आहे. केस मी धुतले. बायका माझ्या बेसिनमध्ये डोकं ठेवून तुझ्या हातांचं कौतुक करतात, आणि मी मुकाट्यानं त्यांना शॅम्पू लावते. कधीपासून लावतेय. तुला काय वाटलं, ताईला गाण्यातलं कळत नाही म्हणजे काहीच कळत नाही? ती माझी पण आई होती."

एवढं बोलून तिला धाप लागली. इतकं सलग ती पार्लरमध्ये कधी बोललीच नव्हती.

धाकटीनं मांडीवरच्या टोपीची कड चाचपली. मग म्हणाली, "मी दारात उभी असायचे. आत यायला पाय उचलायचा नाही. तिची मान एवढीशी झालेली. तू ती धरायचीस आणि मी बघायचे. गाणं लिहायला बसले तर दारात उभी राहिलेली मुलगी कुठं घालावी तेच कळेना. कुणाला आवडली असती ती? म्हणून तुला काढलं आणि तुझ्या जागी मी बसले. चोरीच केली."

"हो, चोरीच," ताई म्हणाली. तिचा राग काही गेलेला नव्हता. "आणि आता परत आईवर करायचं असेल तर त्या दारातल्या मुलीचं कर. ती तरी तुझी आहे."

"केलंय. एकच, परवाच. कुणाला ऐकवलेलं नाही." धाकटीनं डोळे पुसले. "ऐकतेस? पटलं नाही तर मध्येच थांबव. फक्त छान म्हणू नकोस."

आणि ती तिथंच, खाली बघत, हलक्या आवाजात गायला लागली. ना बाजा ना काही. गाण्यात संध्याकाळची वेळ, लाकडी चौकट, ताईची पाठ, टबात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. गाण्यातली मुलगी दारात उभी होती, आणि आईला झोप लागली होती, आणि दारात कोण येऊन गेलं ते आईला कधी कळलंच नाही.

"थांब," ताई म्हणाली. "हे चुकलंय."

"चाल?"

"चालीतलं मला काय कळतंय. आई झोपलेली म्हणतेस, ते. आई झोपलेली नसायची. तू दारात आलीस की ती डोळे मिटायची."

धाकटी आरशातून बघायचं सोडून वळून थेट तिच्याकडे बघायला लागली.

"मी एकदा तिला म्हटलं, आत बोलावू का तिला," ताई म्हणाली. "तर म्हणाली, नको, घाबरेल. मी डोळे मिटून पडते, म्हणजे तिला हवा तेवढा वेळ उभं राहता येईल."

धाकटीला गाणं पुढे म्हणता आलं नाही. ताईनं दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसली.