रिंग दहा फुटांवरच आहे

१. ढवळे मॅडम सोमवारी सकाळी गेल्या. हार्ट अटॅक. हॉस्पिटल गाठता आलं नाही.

२. दुपारी गावातच अंत्यविधी झाला.

३. तिथेच संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की मॅडमच्या नावाने स्मारक सभागृह बांधणार.

४. जागा: शाळेचं बास्केटबॉल ग्राउंड.

ही पोस्ट चौथ्या मुद्द्याबद्दल आहे.

जे मॅडमना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: त्या पगारावर बास्केटबॉल खेळायच्या. दक्षिणेतल्या एका कंपनीच्या टीममध्ये, बरीच वर्षं. गुडघा गेला, तेव्हा बी.एड. करून नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या आपल्या गावी परत आल्या. आधी शिक्षिका, मग आमच्या मुख्याध्यापिका.

उंची जवळपास सहा फूट.

पहिल्याच दिवशी पारावरून कुणीतरी विचारलं होतं, "मास्तरीन हाय का लाईटचा खांब?"

मॅडम थांबल्या. "खांबच हाय, बाबा. उजेड पडंल हळूहळू."



मी आठवीत असताना त्यांनी शाळेमागच्या पडीक जागेत दोन पोल उभे केले. रिंग आणि पोल गावातल्या रशीदचाचांनी बनवले. ट्रॉल्या आणि नांगर दुरुस्त करायचं त्यांचं वर्कशॉप होतं, आणि त्यांची शबाना आमच्या टीममध्ये होती. मॅडमनी स्वतः टेप धरून उंची मोजून घेतली. दहा फूट.

मग त्या ट्रेनिंगसाठी पुण्याला गेल्या.

गावाने ठरवलं, मॅडमना सरप्राइज द्यायचं. पोरी खड्ड्यांत पडतात. मुरूम टाकू. ज्याच्या घरी ट्रॅक्टर होता त्याने ट्रॉली आणली. रोलर फिरवला, पाणी मारलं. ग्राउंड ताटासारखं सपाट झालं.

मॅडम परत आल्या. रिंगखाली उभ्या राहिल्या आणि हात वर केला.

"रिंग खाली आलीय."

"न्हाई ओ मॅडम," रशीदचाचा म्हणाले. "रिंग तिथंच हाय. जमीन वर आली."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग टेप मागवला. अर्धा फूट कमी.

"मंग बरंच झालं की," अध्यक्ष म्हणाले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. "पोरींना सोपं जाईल."

"सोपं नको, आबा. बरोबर पाहिजे."

मला ते पटलं नव्हतं. मी तसं बोलले. "मॅडम, अर्ध्या फुटाने काय होतं?"

त्यांनी बॉल माझ्याकडे फेकला. "टाक."

मी टाकला. बास्केट झाली.

"आता हाच हात नगरला घेऊन जायचाय तुला. तिथली रिंग दहा फुटांवर हाय. हात एकदा खोटं शिकला की त्याला समजावणार कोण?"

मी आज स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. लेव्हल्सबद्दल मला पुढे कॉलेजात पुष्कळ शिकवलं. याहून नेमकं कुणी सांगितलं नाही.

गावाने मनापासून टाकलेला मुरूम उकरायला मॅडमनी नकार दिला. रशीदचाचांनी पोलला जोड देऊन रिंग वर चढवली. त्यानंतर बरेच दिवस आमचा एकही बॉल आत जाईना. बघायला येणारी मंडळी हळहळायची. "आधीचंच बरं हुतं, मॅडम."

मॅडम फक्त म्हणायच्या, "नेक्स्ट."

मग नगरची जिल्हास्तरीय फायनल. समोर शहरातली शाळा. त्यांचे बूट एकसारखे. आमचे जिच्या घरात जे होते ते. त्यांच्यातली एक मुलगी शबानाला म्हणाली, "तुमच्याकडे ग्राउंड आहे का?"

शबाना म्हणाली, "आहे. मोजलेलं."

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटने मागे होतो. मी बॉल शबानाला दिला. तिने उडी मारली. बॉल रिंगला लागलासुद्धा नाही. सरळ आत.

आणि टेम्पो करून आलेल्या आमच्या अख्ख्या गावातून एकच आवाज आला. रशीदचाचांचा.

"दहा फूट हाय! बरोबर दहा फूट हाय!"

गावात टेम्पो शिरला तेव्हा हलगी होती, गुलाल होता, आणि आबा स्वतः ओरडत होते, "दहा फूट हाय!" दहावीचा निकाल असो, पोलीस भरती असो, आमच्या गावात आजही हीच घोषणा देतात.

सोमवारी अंत्यविधीनंतर मी आबांना गाठलं.

"आबा, सभागृहाला दुसरी जागा आहे. जुन्या सायकल स्टँडची. मी ड्रॉइंग करून देते."

"अगं, मॅडमचंच नाव द्यायचंय ना? ग्राउंडवर हॉल लई मोठा दिसंल."

"तो हॉल बांधायला मॅडमचं ग्राउंड मोडावं लागेल."

"खेळतं कोण आता तिथं? रविवारी दहाला मीटिंग हाय. खेळणारी मानसं दाखव. मंग बघू."

मंगळवारी मी ड्रॉइंग पूर्ण केलं. सभागृह सायकल स्टँडच्या जागेत व्यवस्थित बसतं, पार्किंगसकट. काल आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "बसतंय की गं." पण मीटिंगमध्ये ते एकटे नाहीत.

येताना ग्राउंडवर गेले. सातवी-आठवीच्या मुली खेळत होत्या. सुट्टी असूनही. एकीने विचारलं, "ताई, तुम्ही टेप कशाला आणलाय?"

रिंग मोजली. दहा फूट.

मॅडम, जमीन तिथेच आहे. रिंगही तिथेच आहे. आता तुम्ही निवांत बसा.

बाकीच्यांसाठी: हात जोडल्याचे इमोजी नकोत. रविवारी सकाळी आठ वाजता ग्राउंडवर माजी विद्यार्थ्यांची मॅच आहे. मीटिंगला येणाऱ्या प्रत्येकाला ती ओलांडूनच ऑफिसात जावं लागेल. वय, वजन, गुडघे यांची अट नाही. शबाना सोलापूरहून येतेय. रशीदचाचा ओरडायला येणार आहेत.

येणार की नाही, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कमेंटमध्ये लिहा. "बघतो" हे उत्तर धरलं जाणार नाही.